प्रदर्शनातला स्टॉल : गर्दी कोणाची, गिऱ्हाईक कोण?

प्रदर्शन म्हटले की आपल्या घरात अजूनही एकच चित्र उभे राहते. मैदानावर मंडप, दारात तिकिटाची खिडकी, आत चादरी, लोणची, पापड, भाजी चिरायचे यंत्र हातात घेऊन अखंड बोलणारा विक्रेता आणि मागच्या बाजूला आकाशपाळणा. अशा प्रदर्शनात गर्दी हेच भांडवल असते. शंभर माणसे समोरून गेली तर पाच-दहाजण काहीतरी घेतातच. शेंगाचटणीचा स्टॉल लावणाऱ्या आपल्या भगिनी चिमूटभर चटणी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ठेवतात ते म्हणूनच. जो खाऊ शकतो तो घेऊ शकतो. कानडीत ज्याला आपण संते म्हणतो, त्या आठवडी बाजाराचाच हा मोठा अवतार.

उद्यमबाग आणि मच्छेकडची आपली कारखानदार कुटुंबे मात्र दुसऱ्याच प्रकारच्या प्रदर्शनाला जातात. जानेवारी-फेब्रुवारीचा मोसम आला की घराघरांत त्याची चर्चा सुरू होते. बेंगळूरच्या तुमकूर रस्त्यावर यंत्रसामग्रीचे 'इमटेक्स' भरते. १९६९ साली मुंबईत सुरू झालेले हे प्रदर्शन २००७ पासून बेंगळूरला आहे. फौंड्रीवाल्यांचे 'आयफेक्स' शहर बदलत फिरते. २०२४ साली ते बेंगळूरला होते, २०२५ साली कोलकात्याला. तिथे नऊ चौरस मीटरचा, म्हणजे तीन बाय तीनचा, स्टॉल घ्यायचा. एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, डोक्यावर दिवे आणि पाटीवर नाव. भाडे, पॅनेलची छपाई, नमुने पाठवायचा खर्च, लॉज, जेवण हे सगळे धरून लाख-दीड लाख रुपये सहज जातात. लहान युनिटच्या घरात हा पैसा कुठून येतो हे मी वेगळे सांगायला नको. कधी ठेव मोडली जाते, कधी घराच्या रंगकामाचे पुढच्या वर्षावर ढकलले जाते.

मी वाणिज्य शाखेत शिकवते. माझ्या वर्गात दरवर्षी अशा घरांतली पाच-सात मुले-मुली असतातच. प्रदर्शनाहून परतलेल्या वडिलांबद्दल त्यांना विचारले की उत्तर बहुतेक वेळा एकच असते. "खूप गर्दी होती मॅडम, चारशे व्हिजिटिंग कार्डे मिळाली." आणि तीन महिन्यांनी विचारले की, "अजून काही झाले नाही." चारशे कार्डे रबर लावून कपाटात पडलेली असतात.

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्याकडची कित्येक लहान युनिटे एक किंवा दोन मोठ्या गिऱ्हाइकांवर उभी आहेत. त्या कंपनीने एका तिमाहीत माल कमी उचलला की इकडे भट्टीचे दिवस कमी होतात, मोल्डरला सुट्टी द्यावी लागते आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो. तिसरे-चौथे गिऱ्हाईक शोधायचे तर ज्याच्याकडे वशिला नाही, मोठ्या शहरात ऑफिस नाही, त्याला प्रदर्शन हे मोजक्या दारांपैकी एक दार आहे. ते दार उघडायला गेलेला माणूस तिथे चुकीच्या लोकांशी बोलत तीन दिवस घालवून परत येतो, ही खरी नुकसानीची बाब आहे.

जत्रेतून नमुन्याकडे

औद्योगिक प्रदर्शनाची जात मुळातच वेगळी आहे. पूर्वी युरोपातले व्यापारीही आपल्या जत्रेतल्या व्यापाऱ्यांसारखेच माल गाड्यांवर लादून आणत आणि तिथेच विकत. पुढे रेल्वे आली, कारखान्यात एकसारखा माल निघू लागला आणि सगळा माल घेऊन फिरायची गरज संपली. १८९५ साली जर्मनीतल्या लाइपझिग शहराने नमुन्यांची जत्रा भरवली. एक नमुना दाखवायचा, मागणी लिहून घ्यायची आणि माल मागाहून पाठवायचा. या पद्धतीने सगळेच बदलले. माल समोर नाही, म्हणजे हातोहात विक्री नाही. विक्री पुढे कधीतरी व्हायची, आणि ज्याला हजारो नग लागतात अशाच माणसाकडून. त्या माणसाची ओळख पटणे आणि त्याचा विश्वास बसणे एवढेच काम प्रदर्शनात होते. आज आपण ज्यात स्टॉल घेतो ती सगळी या नमुना-जत्रेची नातवंडे.

आणि गर्दीचा मोह? तो जर्मनांनाही सुटला नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांच्या ताब्यातल्या हॅनोव्हर शहराजवळ, एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये १८ ऑगस्ट १९४७ रोजी निर्यात-प्रदर्शन सुरू झाले. आपल्या स्वातंत्र्याला तेव्हा तीन दिवस झाले होते. सुमारे १,३०० कंपन्या, तीन आठवडे आणि सात लाखांहून अधिक लोक! करार झाले तीन कोटी डॉलर्सहून जास्त. पण देशात अन्नाचे रेशनिंग होते आणि प्रदर्शनात माशाचे पाव कुपनाशिवाय मिळत. लोकांनी त्या प्रदर्शनाचे नावच 'माशाच्या पावाची जत्रा' असे पाडले. सात लाखांतले यंत्रासाठी किती आले आणि पावासाठी किती, हे कोणी मोजले नसावे.

आपल्या स्टॉलवरचा माशाचा पाव कोणता? कापडी पिशवी, पेन, किल्लीची कडी, काचेच्या वाडग्यातली चॉकलेटे आणि 'कार्ड टाका, बक्षीस जिंका'ची पेटी. या गोष्टींनी माणसे येतात यात शंका नाही. पण पेन सगळ्यांनाच लागते, आणि जी वस्तू सगळ्यांना लागते ती तुमचे गिऱ्हाईक निवडून देऊ शकत नाही. बक्षिसाच्या पेटीत पडलेले कार्ड बक्षिसाची चौकशी करते, कास्टिंगची नव्हे. आम्ही प्राध्यापक मंडळीही बस भरून विद्यार्थी नेतो आणि ती मुले पिशव्या भरून कॅटलॉग आणतात, हेही इथे नमूद करते. मुलांना हाकलू नये, त्यांतलाच एखादा पाच वर्षांनी कुठल्यातरी कंपनीच्या खरेदी विभागात बसलेला असतो. पण छापील जाड कॅटलॉग टेबलावर उघडे ठेवू नयेत. एक पानी माहितीपत्रक पुरते. जाड कॅटलॉग आत ठेवावा आणि बोलणे झालेल्या माणसाला द्यावा.

एक साधा हिशेब करून पाहा. प्रदर्शन तीन दिवसांचे, रोज आठ तास. एका खऱ्या बोलण्याला पंधरा मिनिटे आणि मागाहून टिपण करायला पाच. म्हणजे एक माणूस तासाला तीनजणांशी बोलू शकतो. दोघे असलात तर कागदावर १४४ होतात. त्यातून जेवण, चहा, पायांचा थकवा आणि रिकामे जाणारे तास वजा केले की हातात साठ-सत्तर उरतात. बाहेरून हजारो लोक गेले तरी तुमच्या वाट्याला ही साठ-सत्तर आसने आहेत. त्यांतल्या चाळिसांवर चॉकलेटवाले बसले तर?

'आम्ही सगळे करतो'

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. आपल्या लहान कारखान्यांच्या पाट्या वाचल्या तर त्यावर काय असते? कंपनीचे नाव, देवाचे चित्र, 'गुणवत्ता हेच आमचे ब्रीद' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आणि खाली 'सर्व प्रकारचे कास्टिंग व मशीनिंग'. समोरून जाणारा खरेदीदार प्रत्येक स्टॉलकडे तीन-चार सेकंद पाहतो. तेवढ्या वेळात त्याला एकच गोष्ट कळायला हवी, की हे माझ्या कामाचे आहे की नाही. 'सर्व प्रकारचे' या शब्दांतून त्याला काहीच कळत नाही. शेजारच्या दहा स्टॉलवरही तेच लिहिलेले असते.

त्याऐवजी कल्पना करा, पाटीवर मोठ्या अक्षरांत असे आहे : 'पंप व व्हॉल्व्हसाठी बिडाचे कास्टिंग. ५ ते ४० किलो. महिना ५० नगांपासून.' मोटारीचे सुटे भाग लाखांनी घेणारा हे वाचून पुढे जाईल. जाऊ द्या, तो तुमच्या भट्टीत मावणारही नव्हता. पण ज्याला महिन्याला साठ-सत्तर पंपबॉडी लागतात आणि एवढी लहान ऑर्डर म्हणून मोठी फौंड्री ज्याला दारात उभी करत नाही, तो मात्र थबकेल. तो स्वतःच आत येईल. त्याला बोलवायला चॉकलेट लागणार नाही.

हे लिहिणे सोपे आहे, पाटी रंगवणे घरात फार अवघड जाते. जॉबवर्कवर उभे राहिलेल्या कारखान्याने आजवर दारात आलेले कोणतेही काम परत पाठवलेले नसते. 'नाही' म्हणणे म्हणजे लक्ष्मीला परत पाठवणे, अशी आपली शिकवण. वडील म्हणतात, सगळे लिही, कोणास ठाऊक कोण येईल. मुलगा म्हणतो, नेमके लिहू. वाद होतो. आणि वडिलांचे अगदीच चुकते असेही नाही. उद्यमबागेत शेजारच्या युनिटकडून तोंडी शिफारस होऊन काम येते, तिथे 'सगळे करतो' चालून जाते, कारण माणूस ओळखीचा असतो. अनोळखी गावात, अनोळखी माणसाला मात्र 'सगळे' या शब्दावर विश्वास ठेवायला आधार नसतो. मध्यम मार्ग असा की दारात येईल ते काम घरी खुशाल घ्यावे, पण पाटीवर तेच लिहावे जे आपण शेजाऱ्यापेक्षा चांगले करतो. ते कोणते हे ठरवायला गेल्या दोन वर्षांची बिले काढून बसावे. कोणत्या मालात नाकारलेले नग कमी, कोणत्यात पैसे वेळेवर, कोणत्यात चार रुपये उरले? बहुधा दोन-तीन ओळींतच उत्तर मिळते. ही बैठक प्रदर्शनाच्या आधी तीन महिने व्हायला हवी, आणि हिशेब ज्या बाईच्या हातात आहे ती त्या बैठकीत हवीच.

बेळगावला हा प्रश्न नवा नाही. १८८८ साली इथे सायकलचे दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे कडबा कापायची यंत्रे आणि मग लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षे गेली. नांगर वाईट नव्हता. त्याची गरज ओळखणारा शेतकरी भेटायचा होता.

काय मांडावे, कसे बोलावे

मांडणीबद्दल फौंड्रीतल्या जाणत्यांकडून ऐकलेली एक गोष्ट मला फार पटली. बहुतेकजण कास्टिंग घासून, चकचकीत रंग देऊन मांडतात. जाणकार खरेदीदाराला रंगाखाली काय आहे हे पाहायचे असते. म्हणून एक नग बिनरंगाचा, वाळूतून निघाला तसा ठेवावा, आणि एक नग करवतीने मधोमध कापून आतली बाजू दिसेल असा ठेवावा. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आहे का, आत पोकळी आहे का, हे त्यात उघडे दिसते. शेजारी त्याच बॅचचा तपासणी अहवाल. सामान्य बघ्याला त्या कापलेल्या लोखंडात काहीच रस नसतो, तो पुढे जातो. ज्याचे पैसे ब्लोहोलमध्ये बुडाले आहेत तो मात्र वाकून बघतो, बोट फिरवतो. माणूस वाकला की समजावे, याच्याशी बोलायचे.

टेबल दुकानाच्या गल्ल्यासारखे समोर आडवे लावू नये, बाजूला सरकवावे. मालकाने मोबाइल घेऊन मागे बसू नये. भाड्याने आणलेल्या गणवेशातल्या मुली दारात उभ्या करण्याची पद्धत तर मला मुळीच आवडत नाही. त्यांना पाहून थांबणाऱ्याला बिडाच्या प्रतीबद्दल प्रश्न नसतात, आणि ज्याला प्रश्न असतात त्याची उत्तरे त्या बिचाऱ्या मुलींना कोणी शिकवलेली नसतात.

बोलण्याची सुरुवात "सर, कॅटलॉग घ्या" अशी झाली की संभाषण तिथेच संपते. माणूस कॅटलॉग घेतो आणि जातो. त्याऐवजी त्याच्याबद्दल विचारावे.

"नमस्कार. तुमच्याकडे काय तयार होते?"

"शेतीचे पंप. शिरोळीला युनिट आहे."

"कास्टिंग सध्या कुठून घेता?"

"जवळूनच. पण मशीनिंग झाल्यावर ब्लोहोल निघतात. सगळी मजुरी वाया."

"महिन्याला किती नग लागतात?"

"सत्तर-ऐंशी. सीझनला दीडशे."

तीन प्रश्नोत्तरांत सगळे कळले. काय हवे, दुखते कुठे आणि किती लागणार. आता फक्त एवढे विचारायचे उरते की पुरवठादार बदलायचे ठरवणारे कोण, हे स्वतः की घरी बसलेले मोठे बंधू. ते गृहस्थ "आम्ही फक्त बघायला आलो" म्हणाले असते, तर हसून पत्रक देऊन मोकळे करावे. त्यात अपमान कोणाचाच नाही.

इथे आपल्या सीमाभागातल्या घरांकडे एक देणगी आहे, आणि ती आपण मोजतच नाही. घरात आई मराठीत रागावते, शेजारच्या अक्का कानडीत समजूत काढतात, असे वाढलेले मूल दोन्ही भाषांत हिशेब आणि थट्टा करू शकते. हुबळीचा पाहुणा आला तर "बर्री अण्णा, कुंडरी. नीवु एन तयार माडतीरी?" आणि कोल्हापूरचा आला तर "या काका, बसा." इंग्रजीत जो माणूस "आय विल रिव्हर्ट" म्हणून निघून जातो, तोच आपल्या भाषेत "खरं सांगू का, सध्याच्या माणसाचा फार त्रास आहे" असे बोलून जातो. म्हणून पाटीवर खाली बारीक अक्षरांत 'कन्नड, मराठी, हिंदी' असे लिहायला काय हरकत आहे? बेंगळूरच्या प्रदर्शनात तर नक्कीच लिहावे.

कपड्यांवरून मात्र माणूस ओळखायला जाऊ नये. कोट घातलेला गृहस्थ तुम्हालाच विमा किंवा वेबसाइट विकायला आलेला असू शकतो, आणि पायात साध्या चपला, खिशात व्हर्नियरची खूण उमटलेला माणूस एखाद्या कारखान्याचा फोरमन असतो. खरेदीवर सही त्याची नसेल, पण "यांचा नग घेऊन बघा" हे वाक्य त्याचेच असते.

आधी आणि नंतर

योग्य माणूस स्टॉलवर यावा यासाठीचे बरेचसे काम घरी बसूनच करायचे असते. महिनाभर आधी वीस-पंचवीस कंपन्यांची यादी करावी, जिथे आपला माल बसतो अशांचीच. प्रत्येकीला नावानिशी निरोप जावा : आम्ही अमुक हॉलमध्ये, अमुक क्रमांकावर आहोत, तुमच्या अमुक भागासारखा नमुना कापून ठेवला आहे, मंगळवारी अकराला येणार का? वीसांतले सहाजण आले तरी खर्च सार्थकी. शेतीची अवजारे करणाऱ्यांनी धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा कृषी मेळा किंवा पुण्याजवळ मोशीला भरणारे 'किसान' यांचाही विचार करावा. तिथे गर्दी शेतकऱ्यांचीच असते. पण तिथेही विक्रेता नेमायचा आहे की थेट नांगर विकायचा आहे हे आधी ठरलेले असावे, कारण दोघांशी बोलायची तऱ्हा वेगळी. भाड्याच्या बाबतीत, लघुउद्योगांना केंद्राच्या योजनेतून स्टॉलभाड्याचा काही भाग परत मिळत आला आहे, महिलांच्या युनिटना जास्त. त्या वर्षीचे नियम जिल्हा उद्योग केंद्रात विचारून जागा आरक्षित करण्यापूर्वीच अर्ज करावा.

स्टॉलवर शंभर पानी वही न्यावी. कार्ड मिळाले की ते पानावर टाचायचे आणि खाली लगेच लिहायचे : काय बनवतात, किती नग, त्रास कोणता, आपण काय कबूल केले. डोक्यात ठेवू म्हणाल तर संध्याकाळपर्यंत पाच पंपवाले एकमेकांत मिसळतात. रात्री लॉजवर जेवणाआधी वही काढून प्रत्येक पानावर एक, दोन किंवा तीन असा आकडा घालायचा. एक म्हणजे ड्रॉइंग देतो म्हणाला, दोन म्हणजे गरज आहे पण घाई नाही, तीन म्हणजे नमस्कार-चमत्कार.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसने घरी परतल्यावर दोन दिवस कारखान्यातली तुंबलेली कामेच पुरतात आणि वही बॅगेतच राहते. म्हणून हे काम जो प्रदर्शनाला गेला नव्हता त्याच्याकडे सोपवलेले बरे. काही घरांत हे सुनेने हाती घेतले आहे. ती गेल्या दिवसापासूनच रोज रात्री वहीच्या पानांचे फोटो मागवून घेते आणि 'एक'च्या पानांना दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत फोन करते, नवरा अजून स्टॉलवर असतानाच. "आमच्या घरच्यांशी काल तुमचे बोलणे झाले. ड्रॉइंग पाठवता का, म्हणजे ते परत यायच्या आत पॅटर्नवाल्याला दाखवून ठेवते." शिरोळीच्या माणसालाही हे कळते की या घरात काम कोणीतरी बघते आहे.

पुढच्या वर्षीचे आरक्षण घ्यायला आयोजकांची माणसे शेवटच्या दिवशी सवलतीचा फॉर्म घेऊन स्टॉलवर येतात. तो लगेच भरू नये. 'एक'च्या किती पानांवरून नमुन्याची ऑर्डर निघाली ते जूनअखेर मोजावे आणि मग ठरवावे.